मुंबई ते न्यूयॉर्क: हवाई अंतर आणि उड्डाणाचा वेळ स्वतः कसा काढायचा

घरातलं कोणी अमेरिकेला निघालं की आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर तेच प्रश्न येतात. किती लांब आहे? किती तास लागतात? तिकडे किती वाजता उतरणार? आणि उत्तरं हमखास चुकीची असतात. कोणी सपाट नकाशावर पट्टी ठेवतो, कोणी अंतराला ९०० ने भागून मोकळा होतो, तर कोणी तिकिटावरच्या दोन वेळांची सरळ वजाबाकी करून ‘साडेसहा तासांत न्यूयॉर्क’ असं जाहीर करतो.

अंतर, उडण्याचा वेळ आणि घड्याळातला फरक हे तीन वेगळे हिशेब आहेत. ते याच क्रमाने केले तर गोंधळ होत नाही. खाली मुंबई–न्यूयॉर्कचं उदाहरण घेतलंय. शहरं बदला, रीत तीच राहील.

टप्पा १: बसण्याआधीची तयारी

कागदावर चार गोष्टी लिहून घ्या: निघण्याचा विमानतळ, उतरण्याचा विमानतळ, दोन्हींचे अक्षांश-रेखांश आणि प्रवासाची तारीख. तारीख आत्ताच का, हे सहाव्या टप्प्यात कळेल.

शहराचं नाव पुरत नाही, विमानतळ लिहा. न्यूयॉर्कला जाणारा माणूस जेएफकेला उतरेल किंवा नदीपलीकडे न्यू जर्सीतल्या न्यूअर्कला. हवाई अंतरात त्याने नगण्य फरक पडतो. पण न्यू जर्सीतल्याच एडिसन गावाहून गाडी घेऊन निघालेला भाचा चुकीच्या विमानतळावर पोचला, तर मधे अख्खं मॅनहॅटन असतं. आपल्याकडेही आता हे बघावं लागतं. गोव्यात दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ आहेत, आणि २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झालाय. तिकिटावरचा तीन अक्षरी कोड बघा: बीओएम म्हणजे सांताक्रूझ-अंधेरीचा जुना, एनएमआय म्हणजे नवी मुंबईचा.

अक्षांश-रेखांश दशांशात हवेत. मुंबई (बीओएम): १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. जेएफके: ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम.

थांबा: १९ अंश ५ मिनिटं म्हणजे १९.०५ नव्हे. मिनिटांना ६० ने भागायचं असतं: ५ ÷ ६० = ०.०८, म्हणून १९.०८. ही चूक शाळेत भूगोलात पैकीच्या पैकी मिळवणारेही करतात.

टप्पा २: सरळ हवाई अंतर

आधी भिंतीवरचा सपाट नकाशा विसरा. त्यावर मुंबई आणि न्यूयॉर्क जोडणारी रेघ ओढली तर ती अरबी समुद्र, सौदी अरेबिया, इजिप्त, लिबिया, अल्जीरिया, मोरोक्को आणि मग अटलांटिक अशी जाते. दिसायला सरळ, पण प्रत्यक्षात लांबची. होकायंत्राची एकच दिशा धरून त्या रेघेने गेलं तर सुमारे १४,२०० किलोमीटर पडतात. गोलावरचा सर्वांत जवळचा रस्ता सुमारे १२,५३० किलोमीटरचा आहे. पट्टीच्या भरवशावर राहिलात तर साडेसोळाशे किलोमीटर फुकट वाढतात.

सोपी रीत दोऱ्याची. घरात पृथ्वीगोल असेल तर एक टोक मुंबईवर बोटाने दाबा, दुसरं न्यूयॉर्कपर्यंत न्या आणि दोरा ताणा. ताणलेला दोरा आपोआप जवळचा रस्ता धरतो. पहिल्यांदा करणाऱ्याचा विश्वास बसत नाही, कारण दोरा पश्चिमेला न जाता उत्तरेकडे सुटतो. सिंध, कंदाहारचा परिसर, तुर्कमेनिस्तान, मॉस्कोच्या जवळून, हेलसिंकीच्या थोडं वरून, आइसलंडवरून, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला चाटून कॅनडा आणि मग खाली न्यूयॉर्क. मुंबईतून निघताना दिशा असते उत्तर-वायव्य, आणि रस्ता जवळपास ६५ अंश उत्तरेपर्यंत चढतो.

आता दोरा मोजा. ३० सेंटिमीटर व्यासाच्या गोलावर पृथ्वीचा ४०,००० किलोमीटरचा परीघ साधारण ९४ सेंटिमीटरमध्ये मावतो, म्हणजे एक सेंटिमीटर सुमारे ४२५ किलोमीटर. मुंबई–न्यूयॉर्क दोरा साडेएकोणतीस सेंटिमीटर भरायला हवा. अर्धा सेंटिमीटर इकडेतिकडे झाला तरी दोनशे किलोमीटरचा फरक पडतो. अंदाजाला तेवढं चालतं.

नेमका आकडा हवा असेल तर मोबाइलमधला कॅल्क्युलेटर आडवा धरा, साइन-कोसाइनची बटणं दिसतात. काही फोनमध्ये ती सेटिंगमधून उघडावी लागतात.

१. दोन्ही अक्षांशांचे साइन घेऊन गुणाकार करा: ०.३२७१ × ०.६५१३ = ०.२१३०.
२. रेखांशांतला फरक काढा. एक पूर्व आणि एक पश्चिम आहे, म्हणून बेरीज: ७२.८७ + ७३.७८ = १४६.६५. दोन्ही पूर्व असते तर वजाबाकी केली असती.
३. दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि या फरकाचा कोसाइन, तिघांचा गुणाकार करा: ०.९४५० × ०.७५८८ × (−०.८३५३) = −०.५९९०.
४. पहिल्या आणि तिसऱ्या पायरीची बेरीज: −०.३८६०.
५. त्याचा उलटा कोसाइन (कॅल्क्युलेटरवर cos⁻¹): ११२.७ अंश.
६. एका अंशाला १११.२ किलोमीटर: ११२.७ × १११.२ = सुमारे १२,५३० किलोमीटर.

थांबा: कॅल्क्युलेटर ‘डिग्री’वर आहे ना? ‘रेडियन’वर असेल तर उत्तर येतं, पण ते निव्वळ भंकस असतं. पारख सोपी आहे. साइन ३० दाबा. ०.५ आलं तर पुढे जा.

तपासा: पृथ्वीवरचे कुठलेही दोन बिंदू २०,००० किलोमीटरहून फारसे लांब असूच शकत नाहीत, तो अर्धा परीघ झाला. तुमचं उत्तर त्याहून जास्त आलं तर हिशेबात कुठेतरी चूक आहे, तो पुन्हा करा. आणखी एक ओळखीचा आकडा ध्यानात ठेवा: मुंबई–लंडन सुमारे ७,२०० किलोमीटर. न्यूयॉर्क त्याहून कमी आलं तर कुठेतरी ‘पश्चिम’ लिहायचं राहिलंय.

एवढी खटपट नको असेल तर गूगल मॅप्सच्या अंतर मोजण्याच्या सोयीत दोन्ही विमानतळांवर बिंदू ठेवा. रेघ वाकडी दिसेल. ती चूक नाही, तोच जवळचा रस्ता आहे.

टप्पा ३: किलोमीटर की मैल?

छोटा टप्पा, पण निम्मे घोळ इथले. हेच अंतर कुठे १२,५३० दिसतं, कुठे ७,७९०, कुठे ६,७६५. तिन्ही बरोबर आहेत: किलोमीटर, साधे मैल आणि सागरी मैल. विमानवाले सागरी मैलांत बोलतात. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, साधा मैल १.६०९. कुठलाही आकडा उतरवताना शेजारी एकक लिहा. वैमानिकाने सांगितलेला नॉटमधला, म्हणजे ताशी सागरी मैलांतला, वेगही १.८५२ ने गुणला की किलोमीटर प्रतितास मिळतो.

टप्पा ४: विमान खरं कुठून जातं

दुसऱ्या टप्प्यातला आकडा हा दोऱ्याचा. विमान दोऱ्यावरून जातंच असं नाही, कारण खाली देश आहेत आणि त्यांची भांडणं आहेत.

पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ पासून भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपली हवाई हद्द बंद केली, आणि ती बंदी महिन्यामहिन्याने वाढत गेली. २०१९ मध्येही बालाकोटनंतर फेब्रुवारीअखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत हेच घडलं होतं. रशियाची गंमत उलटी आहे: २०२२ पासून अमेरिकन कंपन्यांना तिथून जाता येत नाही, भारतीय कंपन्यांना येतं. त्यामुळे मुंबई–न्यूयॉर्क याच दोन शहरांमध्ये दोन कंपन्यांचे रस्ते वेगळे असू शकतात. म्हणून कंपनी कुठली, हेही विचारा.

वळशाचा हिशेब असा करा. रस्त्यावरचे दोन-तीन बिंदू धरा आणि तुकड्यातुकड्याने अंतर काढा. मी मस्कत आणि इस्तंबूल धरले. ही फक्त हिशेबाची सोय, रोजचं विमान नेमकं तिथूनच जाईल असं नाही.

मुंबई–मस्कत सुमारे १,५९० किमी
मस्कत–इस्तंबूल सुमारे ३,३७० किमी
इस्तंबूल–जेएफके सुमारे ८,०३० किमी

बेरीज १२,९९० किलोमीटर. एवढा मोठा वळसा दिसतो, आणि वाढले किती? साडेचारशेच्या आसपास, चार टक्केही नाहीत. लांबच्या प्रवासात हे असंच असतं. बाजूला सरकलं तरी एकूण अंतर फार फुगत नाही. यावर विमानतळाभोवतीची वळणं, वादळं टाळणं, ठरलेल्या हवाई मार्गांचे कोपरे यांसाठी दीड-दोन टक्के धरा. मी जाताना १३,२०० धरतो, येताना १३,०००.

तपासा: फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअरवर त्याच फ्लाइट नंबरचा मागच्या काही दिवसांचा मार्ग बघा. तुमचे बिंदू आणि खरा मार्ग फार वेगळे दिसले तर बिंदू बदला. पाच मिनिटांचं काम आहे, पण बहुतेक जण करत नाहीत.

टप्पा ५: हवेतला वेळ

लांब पल्ल्याची मोठी जेट विमानं आवाजाच्या वेगाच्या ८४-८५ टक्क्यांनी उडतात. त्या उंचीवरच्या थंड हवेत तो वेग ताशी ९०० किलोमीटर पडतो. पण हा वेग हवेच्या मानाने असतो. हवाच वाहत असेल तर जमिनीच्या मानाने वेग बदलतो. कोयनेच्या प्रवाहात पोहून बघितलेल्याला हे वेगळं सांगायला नको.

आपल्या आणि अमेरिकेच्या अक्षांशांमध्ये उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम वाहते, हिवाळ्यात जास्त जोरात. म्हणून अमेरिकेला जाताना वारा समोरून, परतताना पाठीमागून. किती फरक पडावा? ८ फेब्रुवारी २०२० च्या रात्री निघालेलं ब्रिटिश एअरवेजचं जंबो जेट न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. जमिनीच्या मानाने त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरवर गेला होता. तेव्हा ‘प्रवासी विमानाने आवाजाचा वेग ओलांडला’ असे मेसेज फिरले होते. ओलांडला नव्हता. पाठीमागे तुफान होतं, एवढंच.

वाऱ्यासाठी लांबचा रस्ताही घेतात. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. सुमारे १५,३०० किलोमीटर, म्हणजे नेहमीपेक्षा हजारावर किलोमीटर जास्त. तरी साडेचौदा तासांत पोचलं, कारण वारा सोबत होता. ‘लांबून नेतात म्हणजे उशीर’ हे एसटीचं गणित आहे, विमानाचं नव्हे.

आता आकडे. जाताना समोरच्या वाऱ्याचे सरासरी ४० वजा करा, येताना ५० मिळवा. हे माझे वर्षभराचे ढोबळ आकडे. जानेवारीत वाढवा, जुलैत कमी करा.

जाताना: १३,२०० ÷ ८६० = १५.३५ तास
येताना: १३,००० ÷ ९५० = १३.६८ तास

थांबा: १५.३५ तास म्हणजे १५ तास ३५ मिनिटं नव्हे! दशांशाला ६० ने गुणा: ०.३५ × ६० = २१ मिनिटं. तसंच १३.६८ म्हणजे १३ तास ४१ मिनिटं. या लेखातली एकच चूक टाळायची ठरवलीत तर ही टाळा, कारण उत्तर खरं वाटण्याइतपत जवळ येतं आणि कोणाला शंकाही येत नाही.

विमान गेटवरून सुटल्यापासून पलीकडच्या गेटला लागेपर्यंतचा वेळ तिकिटावर असतो. त्यात धावपट्टीपर्यंत रांगेत सरकणं, चढताना-उतरताना कमी वेग आणि उतरल्यावर पुन्हा गेटपर्यंतचा फेरा येतो. त्यासाठी ३५ मिनिटं मिळवा. जाताना साधारण १५ तास ५५ मिनिटं, येताना १४ तास १५ मिनिटं.

तिकिटावर याहून वीस-तीस मिनिटं जास्त दिसली तर घाबरू नका. वेळापत्रक करताना कंपन्या हात राखून ठेवतात. म्हणूनच उशिरा सुटलेलं विमानही कधी कधी ‘वेळेआधी’ पोचतं. तुमचं उत्तर दोन तासांनी चुकलं तर मात्र चौथ्या टप्प्याकडे परत जा. पडताळ्यासाठी आणखी एक खूण: सिंगापूर–न्यूयॉर्क ही जगातल्या सर्वांत लांब थेट सेवांपैकी एक, सुमारे १५,३०० किलोमीटर आणि साडेअठरा-एकोणीस तास. तुमचं थेट उड्डाण बावीस तासांचं येत असेल तर ते थेट नाही.

टप्पा ६: घड्याळ आणि तारीख

तिकिटावरच्या दोन्ही वेळा आपापल्या गावच्या असतात. त्यांची वजाबाकी करायची नाही. दोन्ही आधी भारतीय वेळेत आणा आणि मग वजा करा.

न्यूयॉर्क आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेदहा तास मागे, उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे. तिकडे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे घेतात. पहिल्या टप्प्यात तारीख लिहायला लावली ती यासाठी.

समजा जुलैत विमान मुंबईहून १५ तारखेला ०१:३० ला निघतं आणि न्यूयॉर्कला त्याच तारखेला ०८:०० ला पोचतं. साध्या वजाबाकीने साडेसहा तास. आता ०८:०० मध्ये ९:३० मिळवा: भारतात तेव्हा १७:३० वाजलेत. ०१:३० ते १७:३०, सोळा तास. पाचव्या टप्प्याशी जुळलं.

परतीला उलट फसगत. न्यूयॉर्कहून ११:३० ला सुटून मुंबईत दुसऱ्या दिवशी ११:१५. बघणाऱ्याला वाटतं चोवीस तास बसायचं. न्यूयॉर्कचे ११:३० म्हणजे आपले रात्रीचे २१:००. तिथून दुसऱ्या दिवशी ११:१५ पर्यंत सव्वाचौदा तास.

थांबा: मार्चच्या उत्तरार्धात लंडनमार्गे जाणार असाल तर जपून. अमेरिकेचं घड्याळ पुढे गेलेलं असतं, ब्रिटनचं मार्चच्या शेवटच्या रविवारी जातं. त्या मधल्या दिवसांत लंडन–न्यूयॉर्क फरक पाचऐवजी चार तासांचा असतो.

आणि आता तारखेची ती चूक. माझ्या मावशीचं तिकीट होतं १५ तारखेचं, ०१:३५ चं. पंधराला दुपारी तिचा फोन: ‘लाडू डब्यात भरतेय, बॅग तेवीस किलोच्या आत बसतेय, रात्री दहाला निघू ना?’ विमान त्याच दिवशी पहाटे उडून गेलेलं. १५ तारखेचे ०१:३५ म्हणजे १४ ची रात्र. घरातून १४ ला रात्री नऊ-साडेनऊलाच निघायला हवं होतं. तिकीट बदलायचे पैसे गेले ते गेलेच, मावशीने तो डबा महिनाभर उघडला नाही.

तेव्हापासून रात्री बारा ते सकाळी सहामधलं कुठलंही तिकीट आलं की मी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहितो: ‘घरातून निघायचं: १४, सोमवार, रात्री.’ वार लिहाच. आपल्या लोकांना तारीख चुकते, वार सहसा चुकत नाही.

टप्पा ७: दारापासून दारापर्यंत

पुण्या-नाशिकहून निघणाऱ्यांनी उड्डाणाच्या वेळेत आधी रस्त्याचे तास आणि मग तीन तास आधी पोचण्याची अट मिळवायची. द्रुतगती मार्गावर पावसाळ्यात घाटात अडकायला होतं, तिथे जेट स्ट्रीम कामाची नाही.

दुबई, दोहा किंवा युरोपमार्गे जाताना प्रत्येक तुकड्याला टप्पा २ ते ५ वेगळे लावा आणि थांब्याचे तास मधे घाला. एकूण अंतराला एकदाच ९०० ने भागायचं नाही. एकाच तिकिटावर दोन्ही उड्डाणं असतील तर पहिलं उशिरा पोचल्यास पुढची सोय कंपनी बघते. दोन वेगळी तिकिटं काढली असतील तर तो भार तुमचा. तिथे दीड तासाचा थांबा म्हणजे जुगार.

घ्यायला येणाऱ्याला कळवताना गेटला लागण्याची वेळ कळवू नका. इमिग्रेशनची रांग, सामानाचा पट्टा, कस्टम्स यांत तास ते दोन तास सहज जातात. जेएफकेला सकाळी एकामागोमाग विमानं उतरतात तेव्हा जास्तच. भाच्याला पाठवायचा मेसेज असा: ‘न्यूयॉर्क वेळ, मंगळवार १५, जेएफके टर्मिनल अमुक, विमान ८:०० ला, मावशी बाहेर ९:३० च्या आसपास. फ्लाइट नंबर अमुक, निघण्याआधी ट्रॅक कर.’ टर्मिनल तिकिटावरूनच उतरवा, आठवणीवरून नको.